पायांखालचे पाणी : अनवाणी वॉटर स्कीइंगसाठी बोट निवडताना

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील विंटर हेवन या गावाभोवती गोड्या पाण्याची अनेक तळी आहेत. त्यांपैकी काही कालव्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. १९४७ साली येथे ए. जी. हॅनकॉक या सतरा वर्षांच्या मुलाने मोटारबोटीच्या मागे दोर धरून जात असताना पायांतील लाकडी फळ्या सोडून दिल्या, आणि तो बुडाला नाही. नुसत्या तळपायांवर उभा राहून तो पाण्यावरून घसरत पुढे गेला. त्याच वर्षी तेथील सायप्रेस गार्डन्स या प्रसिद्ध उद्यानाच्या संस्थापकांचे चिरंजीव डिक पोप ज्युनियर यांनीही तेच करून दाखविले आणि त्यांचे छायाचित्र निघाले. अनवाणी वॉटर स्कीइंगचा इतिहास सांगणारे या दोघांच्या पायांविषयी भरभरून सांगतात. पुढे धावणाऱ्या बोटीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. वस्तुतः या खेळात माणसाच्या पायांखाली येणारे पाणी बहुतांशी तळ्याचे राहिलेलेच नसते. ते पुढच्या बोटीने घडविलेले असते. म्हणूनच या खेळासाठी बोट घेणाऱ्याने बोटीकडे कमी आणि तिच्या मागच्या पाण्याकडे अधिक पाहावे लागते.

मुळात वॉटर स्कीइंग हा खेळच फार जुना नाही. १९२२ साली मिनेसोटा राज्यातील लेक पेपिन या सरोवरावर राल्फ सॅम्युअलसन या तरुणाने पाइनच्या दोन फळ्या पायांना बांधून बोटीमागे पाण्यावर उभे राहण्याचा प्रयोग यशस्वी केला. त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत फळ्याही गेल्या आणि पाय उघडे राहिले. १९७८ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अनवाणी स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा भरली. आजही अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया हे दोन देश या खेळाचे माहेरघर समजले जातात, आणि त्यासाठी खास बोटी बांधण्याची विद्या मुख्यतः तेथेच वाढली.

फळ्या पायांत असताना शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो. त्यामुळे तुलनेने कमी वेगातही पाणी माणसाला तोलून धरते. तळपायाचा विस्तार तो केवढा! तेवढ्याशा जागेवर सगळे वजन पेलायचे तर पाणी खालून जोराने आदळले पाहिजे, आणि हा जोर केवळ वेगातून येतो. यासाठी खेळाडूंमध्ये एक साधा हिशेब रूढ आहे. शरीराचे वजन पौंडांत घ्यावे, त्याला दहाने भागावे आणि त्यात वीस मिळवावेत. जो आकडा येईल तो ताशी मैलांचा वेग. पंचाहत्तर किलो वजनाच्या माणसाचे पौंड होतात सुमारे १६५. म्हणजे त्याला ताशी साडेछत्तीस मैल, अर्थात सुमारे ५९ किलोमीटर वेग हवा. नव्वद किलोच्या माणसाला हाच वेग सुमारे ६४ किलोमीटर लागतो, तर तीस किलोच्या मुलाला ४३ किलोमीटर पुरतात. पाय रुंद असले तर थोडे कमी चालते, लहान असले तर थोडे अधिक लागते. हिशेब ढोबळ आहे खरा, परंतु बोट घेण्यास निघालेल्या कुटुंबाने सर्वांत आधी हाच मांडावा. घरातील सर्वांत वजनदार माणसासाठी लागणारा वेग बोटीला सहज गाठता आला पाहिजे. आणि सर्वांत हलक्या मुलासाठी लागणारा कमी वेगही तिला धक्के न देता, एकसारखा राखता आला पाहिजे.

येथे 'सहज' या शब्दाला महत्त्व आहे. विक्रेता बोटीचा सर्वाधिक वेग सांगतो तो बहुधा एकटा चालक बसलेला असताना, टाकीत थोडे इंधन असताना आणि मागे कोणीही नसताना मोजलेला असतो. प्रत्यक्षात बोटीत चालक असतो, मागे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस असतो, इंधन असते आणि दोराला लटकलेला खेळाडू असतो. हा सगळा भार घेऊन ताशी ६५ किलोमीटर जाताना ज्या इंजिनाचा थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवावा लागतो, ते इंजिन या कामासाठी अपुरे समजावे. खेळाडू बाजूला झुकला की बोटीवर ओढ वाढते आणि वेग दोन-तीन किलोमीटरांनी पडू लागतो. तो पडू न देण्याइतकी ताकद शिल्लक हवी. फळीवर उभ्या असलेल्या माणसाला वेगातील एवढा फरक फारसा जाणवत नाही. अनवाणी माणसाचे पाय मात्र तेवढ्यानेच पाण्यात रुततात, आणि तो तोंडावर पडतो.

बोट पाणी कापीत पुढे गेली की तिच्या मागे दोन्ही बाजूंना तिरप्या लाटा उठतात आणि मध्ये फेसाळ पट्टा राहतो. या लाटेला इंग्रजीत 'वेक' म्हणतात आणि स्कीइंग करणाऱ्या मंडळींच्या तोंडी हाच शब्द असतो. अनवाणी खेळाडूला ही लाट लहान, मऊ आणि अरुंद हवी असते. स्पर्धेतील एका प्रकारात तर पंधरा सेकंदांत ही लाट जितक्या वेळा ओलांडता येईल तितकी ओलांडायची असते. ताशी साठ किलोमीटर वेगाने उघडा तळपाय एका टणक, उंच कडेवर आदळला तर काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. लाटेच्या मधला पट्टाही तितकाच महत्त्वाचा, कारण लांब दोरावर नवशिका तेथेच उभा राहावयास शिकतो. पंख्याने ढवळलेले पाणी तेथे उसळत असेल तर पाय ठरत नाहीत. एकसारखा, सपाट फेस असेल तर तो जणू अंथरलेल्या चादरीसारखा वाटतो.

नेमके येथेच आजच्या बाजारातील नव्या बोटी घेणाऱ्याची दिशाभूल करतात. गेल्या काही दशकांत वेकबोर्ड आणि वेकसर्फ हे खेळ लोकप्रिय झाले. त्यांत लाट जितकी उंच तितकी मौज अधिक. म्हणून त्या बोटींचे इंजिन मागच्या टोकाशी बसवितात, तळात पाण्याच्या टाक्या ठेवून त्या भरतात आणि बोट मुद्दाम जड करतात. दिसायला त्या देखण्या, आसने ऐसपैस, किंमत सहज एक लाख डॉलरच्या पुढे. अनवाणी खेळासाठी मात्र त्यांतील बहुतेक निरुपयोगीच म्हणाव्या लागतील; टाक्या रिकाम्या केल्या तरी तळाची ठेवण बदलत नाही. ज्या घरात दोन मुलांना वेकसर्फ हवे आणि वडिलांना अनवाणी स्कीइंग हवे, तेथे 'दोन्हीसाठी एकच बोट' असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे बोलणे जरा बाजूलाच ठेवलेले बरे.

लाटेविषयी आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ताशी तीस किलोमीटरवर जी बोट मोठी लाट उठविते, तीच साठ किलोमीटरवर पाण्याबाहेर उचलली जाऊन तळाच्या मागच्या भागावर धावू लागते आणि तिची लाट खाली बसते. म्हणून संथ वेगात बोट फिरवून लाटेविषयी मत बनविणे व्यर्थ होय. जो वेग वापरायचा त्याच वेगाला पाणी पाहिले पाहिजे.

इंजिन कोठे असावे?

ओढणाऱ्या बोटींचे इंजिनाच्या जागेवरून मुख्यतः दोन प्रकार पडतात, आणि अनवाणी खेळाडूंमध्ये त्यांवरून जुना वाद आहे. पहिल्या प्रकारात इंजिन बोटीच्या मध्यभागी असते. त्याचा दांडा तळातून तिरपा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाला तळाखालीच पंखा असतो, त्याच्यामागे सुकाणू. याला इनबोर्ड म्हणतात. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण इंजिन बोटीच्या मागच्या भिंतीला बाहेरून टांगलेले असते, ते आउटबोर्ड. आपल्या किनाऱ्यावरील मासेमारीच्या छोट्या होड्यांना लावलेले इंजिन ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की येथे तेच इंजिन दीडशे, दोनशे किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीचे असते.

इनबोर्डचा गुण स्थिरतेचा. वजन मध्यभागी, तळाखाली धातूच्या पात्या बसविलेल्या, त्यामुळे मागचा माणूस कितीही जोराने बाजूला खेचू लागला तरी बोट आपली रेषा सोडत नाही. पंखा तळाखाली आत असल्याने मागच्या फळीवरून पाण्यात उतरणाऱ्या-चढणाऱ्या मुलांपासून तो त्यातल्या त्यात दूर असतो. दोर बांधावयाचा खांब बोटीच्या मध्याजवळ भक्कमपणे उभारता येतो. दोष असा की इंजिन जड, म्हणून बोट जड. आणि वेग वाढवू तसे त्यातील अनेक बोटींचे इंजिन दमू लागते. त्यांची बांधणी मूलतः फळीवरच्या स्कीइंगसाठी झालेली असते आणि त्या खेळाला ताशी ५८ किलोमीटरपेक्षा अधिक वेग क्वचितच लागतो.

आउटबोर्ड हलकी असते, झटकन वेग घेते आणि ताशी सत्तर किलोमीटरलाही तिची दमछाक होत नाही. शिवाय तिचे इंजिन चालकाला बटणाने किंचित वर-खाली तिरके करता येते. या तिरकसपणाने मागच्या पाण्याचे रूप पालटते. थोडे चुकले तर कारंज्यासारखे पाणी उडते, नेमके जमले तर फेसाचा पट्टा अगदी सपाट होतो. निष्णात अनवाणी खेळाडूंपैकी पुष्कळजण म्हणूनच आउटबोर्डच्या बाजूचे असतात. १९९० च्या दशकात मालिबू कंपनीची 'फ्लाइटक्राफ्ट' आणि मास्टरक्राफ्टची 'बेअरफूट २००' या आउटबोर्ड बोटी याच मंडळींसाठी निघाल्या होत्या, आणि त्यांच्या चांगल्या राखलेल्या जुन्या प्रती अजूनही शोधल्या जातात. परंतु हलकेपणा हाच त्यांचा दोषही ठरतो. शंभर किलोचा माणूस दोराने बाजूला खेचू लागला की हलकी बोट मागून सरकते आणि चालकाला सुकाणूशी झगडावे लागते. पंखाही अगदी मागे, उघडा असतो.

वाद मिटत नाही याचे कारण सरळ आहे. लाट लहान हवी तर बोट हलकी पाहिजे. बोट सरळ धावायला हवी तर ती जड पाहिजे. प्रत्येक बांधणारा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी तडजोड करतो आणि तीच विकतो. एकटा, सराईत, वेगाचा भोक्ता असा खेळाडू असेल तर आउटबोर्ड त्याला शोभेल. घरात लहान मुले, पाहुणे आणि फळीवर स्कीइंग करणारेही असतील तर मध्यभागी इंजिन असलेली, सपाट तळाकडे झुकणारी, शक्य तितकी हलकी इनबोर्ड अधिक हिताची. तिसरा एक प्रकार, ज्यात इंजिन आत व पंख्याची यंत्रणा बाहेर असते, तो सहलीसाठी उत्तम. पण त्याची लाट मोठी आणि सुरुवातीला नाक वर करण्याची खोड वाईट. त्याचा विचार न केलेला बरा.

बांधणाऱ्यांची पेढी

व्यापारी घराण्यात वस्तूइतकीच ती बनविणाऱ्याची चौकशी केली जाते. त्या दृष्टीने दोन कथा जाणून घेण्यासारख्या आहेत. मास्टरक्राफ्ट ही कंपनी १९६८ साली टेनेसी राज्यातील मेरीव्हिल येथे सुरू झाली, ती घोडे बांधण्याच्या एका लहानशा तबेल्यात. संस्थापक रॉब शर्ली हे स्वतः स्कीइंग करणारे. त्या काळच्या बोटींची लाट त्यांना पसंत नव्हती, म्हणून त्यांनी आपली बोट आपणच बांधली. मागच्या दोरावर उभे राहिलेल्या माणसाने पुढची बोट बांधावी, हा या धंद्यातील एक विशेषच म्हणावा लागेल.

दुसरी कथा करेक्ट क्राफ्ट या कंपनीची. १९२५ साली वॉल्टर मेलून यांनी फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ ही पेढी स्थापन केली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिला अमेरिकन लष्कराकडून तीन हजार बोटींचे मोठे काम मिळाले. कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते ते असे : माल तपासण्यास आलेल्या निरीक्षकांना वरकड पैशांची अपेक्षा होती, मेलून कुटुंबाने ते देण्यास नकार दिला, मग उत्तम बांधलेल्या बोटीही क्षुल्लक कारणांवरून नाकारल्या जाऊ लागल्या. नाकारलेल्या बोटींचा ढीग वाढला, भांडवल अडकले, आणि १९५८ साली कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. कायद्याने देणेकऱ्यांना मूळ रकमेचा अल्पसा अंश देऊन मोकळे होता आले असते. मेलून बंधूंनी तसे केले नाही. व्यवसाय पुन्हा उभा राहत गेला तसतसे ते एकेका देणेकऱ्याला शोधून त्याची पूर्ण रक्कम फेडीत गेले. ही फेड १९८४ पर्यंत चालली होती.

याच ओढग्रस्तीच्या काळात, १९६१ साली, लिओ बेंट्झ यांनी तयार केलेल्या एका स्की-बोटीचा साचा कंपनीने त्यांच्याकडून विकत घेतला. ती बोट म्हणजे 'स्की नॉटिक'. फायबरग्लासची, मध्यभागी इंजिन असलेली ही बोट पुढे स्कीइंगच्या बोटींचा जणू नमुनाच ठरली. डोक्यावर कर्ज असताना घेतलेला एक साचा कंपनीच्या पुढच्या कित्येक दशकांचा आधार झाला, ही गोष्ट हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालविलेल्या कोणालाही विचार करावयास लावील. मात्र बांधणाऱ्याची सचोटी ही लाटेची हमी नव्हे. एकाच कंपनीची एका सालची बोट अनवाणी पायांना उत्तम आणि चार वर्षांनंतरची गैरसोयीची असे होते, कारण तळाचा साचा बदललेला असतो. नाव पाहावे, साल पाहावे, आणि तरीही पाणी पाहिल्याशिवाय शब्द देऊ नये.

खांब, आडवा दांडा आणि शिकणारा माणूस

अनवाणी स्कीइंग शिकण्यासाठी बोटीला एक साधन लागते, त्याला 'बूम' म्हणतात. हा ॲल्युमिनियमचा लांब, आडवा दांडा. तो बोटीच्या मधल्या खांबाला अडकवून, पुढच्या टोकाशी तारेने ताणून, एका बाजूला पाण्यावर काढलेला असतो. शिकणारा दोराऐवजी या दांड्यालाच धरतो. त्यामुळे तो बोटीच्या मागे न राहता तिच्या शेजारी येतो. तेथे बोटीची लाट पोहोचलेली नसते, पाणी स्वच्छ आणि नितळ असते. शिक्षक बोटीत बसून हातभर अंतरावरून त्याला सूचना देऊ शकतो. प्रथम तो पाण्यावर बसल्याबसल्या घसरतो, मग गुडघे वाकवून टाचा अलगद टेकवितो, आणि वेग पुरेसा झाला की उभा राहतो. पडला तरी दोराच्या टोकाला पडण्यापेक्षा हे पडणे सौम्य असते.

तेव्हा बोट निवडताना तिचा मधला खांब केवढा भक्कम आहे आणि पुढच्या टोकाशी तार अडकविण्याची मजबूत कडी आहे की नाही, हे अवश्य पाहावे. मागच्या भिंतीला फक्त एक कडी असलेल्या सहलीच्या बोटीला हा दांडा लावता येत नाही. दांड्यावर एका बाजूला माणूस लटकला की बोट त्या बाजूस कलते व वळू पाहते. तेव्हा दुसऱ्या बाजूला एखादा प्रौढ माणूस बसविण्याची सोय असावी. फार अरुंद व हलकी बोट येथे त्रास देते.

हा दांडा आणि चांगला शिक्षक असेल तर वयाची अडचण वाटते तेवढी राहत नाही. जॉर्ज ब्लेअर या गृहस्थांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी वॉटर स्कीइंगला आरंभ केला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी ते अनवाणी उभे राहिले. पिवळ्या रंगाच्या वेडामुळे 'बनाना जॉर्ज' या नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ पुढे साती खंडांत, अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यातसुद्धा, अनवाणी स्कीइंग करून आले आणि नव्वदी ओलांडल्यावरही पाण्यावर उतरत राहिले.

सुकाणूवरचा माणूस

उत्तम बोट वाईट हातांत दिली तर तिचा काही उपयोग नाही. आरंभी खेळाडू पाण्यात पाठीवर पडलेला असतो, पाय दोरावर टेकवून. चालकाने एकदम वेग दिला तर हातातून दोर निसटतो. फार हळू दिला तर तो नाकातोंडात पाणी जाऊन गुदमरतो. हळूहळू वाढत जाणारा, मध्ये कोठेही न अडखळणारा वेग देणे ही सवयीची गोष्ट आहे, आणि त्यासाठी इंजिनाचा प्रतिसाद नितळ हवा. पंख्याच्या पात्यांचा पीळ कमी असेल तर बोट लवकर उचलते पण वरचा वेग घटतो. पीळ अधिक असेल तर उलट. घेतलेल्या बोटीचा पंखा आपल्या कुटुंबाच्या वजनांप्रमाणे बदलून घेणे हा तुलनेने थोड्या खर्चात होणारा मोठा लाभ होय.

वेग दाखविणारे जुने काटे पाण्याच्या दाबावर चालतात. त्यांच्या नळीत शेवाळ किंवा कचरा अडकला की ते खोटे बोलू लागतात. उपग्रहावरून वेग मोजणारे यंत्र असावे. त्याहून पुढे जाऊन, ठरविलेला वेग आपोआप राखणारी 'परफेक्ट पास' किंवा 'झिरो ऑफ' यांसारखी यंत्रणा असेल तर नवख्या चालकाचे निम्मे ओझे उतरते.

फ्लोरिडाच्या कायद्यानुसार ओढणाऱ्या बोटीत चालकाखेरीज मागे पाहणारा माणूस असावा लागतो, किंवा चालकाला मागचे दिसेल असा रुंद आरसा तरी. खेळाडूच्या अंगावर तरंगण्याचे जाकीट हवे आणि ते फुगविण्याचे चालत नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत माणसाला ओढण्यास मनाई आहे. आरसा कायद्याला पुरेसा असला तरी घरच्या माणसांनी त्यावर विसंबू नये. चालकाने पुढे पाहावे, दुसऱ्याने मागे. अनवाणी खेळाडू जाड अस्तराचा, स्वतःच तरंगणारा पोशाख घालतात, कारण या वेगाने पडताना पाणी मऊ राहत नाही. कानाचा पडदा फाटण्यासारख्या इजा होतात.

आणखी एक धोका दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू बोटीच्या मागच्या भिंतीजवळ साचतो. संथ चालणाऱ्या बोटीच्या मागच्या फळीला धरून मुलांनी घसरत जाण्याच्या खेळात या वायूने मृत्यू झाले. कॅलिफोर्निया राज्याने २००४ साली कायदा करून तो प्रकार बंद केला. मागच्या फळीवर कोणीही बसलेले असताना इंजिन चालू ठेवायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून घरात लावून घ्यावा.

जुनी बोट घेताना

नवी बोट घेणे सर्वांना परवडत नाही आणि अनवाणी खेळासाठी ते आवश्यकही नाही. सपाट लाटेच्या कितीतरी उत्तम बोटी जुन्याच आहेत. पण जुन्या बोटीचे खरे दुखणे वरच्या चकचकीत रंगाखाली असते. पूर्वीच्या फायबरग्लास बोटींच्या तळात आधारासाठी लाकडी वासे घालीत. त्यांत वर्षानुवर्षे पाणी मुरले की ते आतून कुजतात आणि पोकळीतील फोम स्पंजासारखा पाणी धरतो. बोटीचे वजन वाढते आणि वजनाबरोबर लाटही वाढते. म्हणजे ज्या गुणासाठी बोट घ्यायची तोच गेलेला असतो. इंजिन ज्या बोल्टांवर बसविले आहे ते आवळून पाहावेत. ते नुसते गरगर फिरले तर लाकूड गेले असे समजावे. तळ लाकडी हातोडीने हलकेच ठोकून ऐकावा; निरोगी भाग खणखणतो, कुजलेला भाग बद्द आवाज करतो. सर्वांत उत्तम उपाय आपल्या व्यापाऱ्यांना नवा नाही. बोट ट्रेलरसकट मालट्रकांच्या वजनकाट्यावर न्यावी, मग रिकामा ट्रेलर तोलावा आणि वजाबाकी कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावी. इंधन, सामान वगैरे वजा जाता दीडदोनशे किलोंचा फरक उरला, तर ते पाणी आहे आणि त्याचे पैसे घेणारा देत आहे.

मिनेसोटा, विस्कॉन्सिनसारख्या थंड राज्यांतून आलेल्या बोटीचे इंजिन भेगांसाठी बारकाईने तपासून घ्यावे. हिवाळ्यापूर्वी त्यातील पाणी काढले नसेल तर ते गोठून फुगते आणि ओतीव लोखंड तडकते. खाऱ्या पाण्यात वापरलेली बोट असेल तर थंड पाणी फिरविणाऱ्या वाटा गंजलेल्या आहेत का ते पाहावे. इंजिन किती तास चालले हे दाखविणारा काटा असतो; त्यावरील आकडा फार कमी असला की घेणारा आनंदतो. तो आनंद नेहमीच खरा ठरत नाही, कारण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाची रबरे सुकतात आणि इंधनाच्या नळ्यांत गाळ साचतो. नेमाने वापरलेली आणि दुरुस्तीच्या पावत्या नीट जपलेली बोट अनेकदा अधिक भरवशाची असते.

आणि मग पाण्यावरची चाचणी. ती पहाटे घ्यावी, वारा उठण्यापूर्वी. खवळलेल्या पाण्यात सर्वच बोटी सारख्या दिसतात. बोटीत तीन माणसे असावीत, टाकी अर्धी भरलेली असावी, आणि घरातील अनुभवी खेळाडू दोरावर असावा. घेणाऱ्याने चालकाच्या शेजारी मागे तोंड करून बसावे आणि वेग ताशी ५०, ५५, ६० आणि ६५ किलोमीटर असा वाढवत नेत प्रत्येक टप्प्यावर लाट किती रुंद आहे, तिच्या कडेला फेस फुटतो की ती काचेसारखी टणक राहते, मधला पट्टा उसळतो की बसतो, हे पाहावे. खेळाडूला मुद्दाम दोन्ही बाजूंना जोराने खेचावयास सांगावे, त्या वेळी चालकाच्या हातांकडे लक्ष ठेवावे. तळ्याच्या टोकाशी बोट वळवून थोडे थांबावे आणि आपण आलो ती वाट पाहावी. जड बोटीची लाट काठांवर आपटून परत येते आणि पाणी बराच वेळ हिंदकळत राहते. चांगल्या बोटीमागे फेसाची एक फिकट रेघ उरते, ती विरते, आणि थोड्याच वेळात त्याच पाण्यावरून दुसरी फेरी सुरू करता येते.